पूर्णांक-क्रमिकांचा कोश

शब्दाचा अर्थ अडला म्हणजे आपण शब्दकोश उघडतो. वनस्पतीचे नाव ठाऊक नसले, तर तिची पाने, फुले व फळे पाहून तज्ज्ञांनी रचलेल्या ग्रंथांतून तिचा शोध घेता येतो. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने वहीत काही मोजून पाहिले, त्यातून १, २, ५, १४ अशा संख्या त्याच्या हाती आल्या आणि या संख्या आपल्यापूर्वी कोणास भेटल्या होत्या काय, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला, तर त्याने कोणता ग्रंथ उघडावा? गणिताच्या पुस्तकांची सूची विषयवार असते, संख्यावार नसते. आपला प्रश्न कोणत्या विषयात मोडतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला विषयवार सूचीचा उपयोग तो काय?

गेल्या साठ वर्षांत ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघाली आहे. पूर्णांकांच्या क्रमिकांचा एक प्रचंड कोश आज इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुला आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘ऑन-लाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’ असे असून आद्याक्षरांवरून त्यास ‘ओईआयएस’ म्हणतात. त्याचा पत्ताही ‘ओईआयएस डॉट ऑर्ग’ असाच आहे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका नोंदविलेल्या आहेत. क्रमिका म्हणजे विशिष्ट क्रमाने मांडलेल्या संख्यांची ओळ, आणि तिच्यातील प्रत्येक संख्या म्हणजे तिचे एक पद, एवढे ज्यास समजते त्यास हा कोश वापरता येईल.

कोशाचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणावरून पाहू. गोल मेजाभोवती काही माणसे बसली आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाने कोणा तरी एकाशी हस्तांदोलन करावयाचे आहे, परंतु मेजावर कोणाचेही हात एकमेकांस छेदता कामा नयेत. हे किती प्रकारांनी होऊ शकेल? माणसे दोनच असतील तर प्रकार एक. चार असतील तर दोन. कारण पहिल्या माणसाने समोरच्या माणसाशी हात मिळविला, तर उरलेल्या दोघांचे हात त्यास आडवे येतात. सहा माणसांसाठी पाच प्रकार निघतात व आठांसाठी चौदा. वाचकाने कागदावर वर्तुळे काढून हे अवश्य पडताळून पाहावे; आठांच्या वेळी थोडी चिकाटी लागते, परंतु अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागण्याचे कारण नाही.

आता १, २, ५, १४ ही पदे कोशाच्या शोधचौकटीत लिहिली, की तत्काळ उत्तर येते. मात्र ते एक नसते. कोश अनेक क्रमिका पुढे करतो. त्यांतील एकीत १४ नंतर ४२ येतात, तर दुसरीत ४१. दुसरीचा नियम अगदी सोपा आहे : कोणत्याही पदाची तिप्पट करून त्यातून एक वजा करावा, म्हणजे पुढचे पद मिळते. एकाची तिप्पट तीन, वजा एक म्हणजे दोन. दोनाची सहा, वजा एक म्हणजे पाच. पाचाची पंधरा, वजा एक म्हणजे चौदा. हा नियम इतका सुटसुटीत आहे, की घाईच्या विद्यार्थ्यास तोच खरा वाटावा. हस्तांदोलनाचा नियम हाच, असे लिहून तो मोकळा होईल.

निर्णय करावयाचा तर दहा माणसे बसवून मोजावे लागेल. सर्व आकृत्या काढण्याची आवश्यकता नाही. पहिल्या माणसाने कोणाशी हात मिळविला, एवढेच पाहावे. त्याच्या हाताने मेजाचे दोन भाग पडतात, आणि दोन्ही भागांत माणसांची संख्या सम असली पाहिजे, नाहीतर कोणी तरी एकटा उरेल. म्हणजे एका बाजूस शून्य व दुसरीस आठ, किंवा दोन व सहा, चार व चार, सहा व दोन, आठ व शून्य, असे पाचच पर्याय उरतात. प्रत्येक पर्यायात दोन्ही बाजूंच्या प्रकारांचा गुणाकार करावयाचा. ही गणना १४, ५, ४, ५ व १४ अशी येते आणि त्यांची बेरीज ४२ होते. एकेचाळीस नव्हे. तिप्पटीचा सुंदर नियम येथे केवळ एकाने चुकला. पण चुकला तो चुकलाच.

ज्या क्रमिकेत ४२ येतात तिला बेल्जियमचे गणिती यूजीन कॅटलान यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १८३८ साली तिच्यावर लिहिले. परंतु ऑयलर या थोर गणित्याने १७५१ मध्येच गोल्डबाख यांस लिहिलेल्या पत्रात याच संख्या दिल्या होत्या, आणि त्याचा प्रश्न हस्तांदोलनाचा नव्हता. बहुभुजाकृतीचे, कर्ण एकमेकांस न छेदता, त्रिकोणांत किती प्रकारांनी विभाजन करता येईल, हे तो पाहत होता. चौकोनाचे दोन प्रकारांनी, पंचकोनाचे पाच, षट्कोनाचे चौदा, सप्तकोनाचे बेचाळीस. चीनमध्ये मिंग आंतू या गणित्यासही अठराव्या शतकातच या संख्या तिसऱ्याच वाटेने भेटल्या होत्या. कंसांच्या जोड्या योग्य रीतीने किती प्रकारांनी मांडता येतात, या प्रश्नाचे उत्तरही तेच. अमेरिकन गणिती रिचर्ड स्टॅन्ली यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या एकाच क्रमिकेचे २१४ भिन्न अर्थ एकत्र केले आहेत. मेजाभोवतीच्या माणसांपासून आरंभ करणारा विद्यार्थी कोशातील ए-०००१०८ या क्रमांकाच्या नोंदीपाशी पोहोचतो आणि आपला प्रश्न एका मोठ्या कुटुंबातील आहे, हे त्यास कळून येते. शब्दकोशात हे घडत नाही.

पत्रकांपासून कोशापर्यंत

या कोशाचा आरंभ १९६४ साली झाला. नील स्लोन हे त्या वेळी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधक विद्यार्थी होते. त्यांचा जन्म १९३९ साली वेल्समध्ये झाला व बालपण ऑस्ट्रेलियात गेले. चेतापेशींच्या जालांची गणिती प्रतिरूपे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या ओघात वृक्षाच्या आकाराच्या आकृत्यांतील गाठी मुळापासून सरासरी किती उंचीवर असतात, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून ०, १, ८, ७८, ९४४ अशी क्रमिका निघाली. तिचे पुढील पद कोणत्या सूत्राने मिळेल, हे त्यांना हवे होते. ग्रंथालयातील पुस्तके चाळून पाहिली. तिच्यासारख्या क्रमिका आढळल्या, ती मात्र आढळली नाही. तेव्हा ज्या ज्या क्रमिका दृष्टीस पडतील त्या पत्रकांवर टिपून ठेवण्यास त्यांनी प्रारंभ केला. पुढे पत्रकांची जागा त्या काळच्या संगणकांना लागणाऱ्या छिद्रांकित पत्रांनी घेतली. ती मूळ क्रमिका आज ए-०००४३५ या क्रमांकाने कोशात आहे.

१९७३ साली स्लोन यांनी २,३७२ क्रमिकांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. क्रमिका शब्दकोशातील शब्दांप्रमाणे, पदांच्या क्रमाने, लावलेल्या होत्या. विषय ठाऊक नसला तरी शोध घेता यावा, ही सोय प्रथमच झाली. पुस्तक बाहेर पडताच जगभरातून पत्रे येऊ लागली : कोणी नवी क्रमिका पाठवी, कोणी छापलेल्या पदातील चूक दाखवी. १९९० च्या सुमारास ही पत्रे, निबंध व कार्डे यांचा ढीग एक घनमीटरहून मोठा झाला होता, असे स्लोन यांनीच सांगून ठेवले आहे. सीमों प्लूफ यांच्या साहाय्याने १९९५ मध्ये दुसरा ग्रंथ निघाला. त्यात ५,४८८ क्रमिका होत्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ साली, ई-पत्राने पदे पाठवावी व यंत्राने उत्तर द्यावे, अशी सेवा सुरू झालेली होती. १९९६ मध्ये संग्रह दहा हजारांवर गेला, तेव्हा स्लोन यांनी तो इंटरनेटवर ठेवला. पुस्तकाची तिसरी आवृत्ती त्यानंतर निघाली नाही, आणि निघण्याचे कारणही उरले नव्हते. एवढा मजकूर छापावयाचा तर फडताळे लागली असती.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्लोन हे १९६९ पासून २०१२ पर्यंत दूरध्वनीच्या क्षेत्रातील एका मोठ्या संशोधनसंस्थेत कामास होते आणि अनेक वर्षे हा कोश त्यांच्या तेथील पृष्ठावरच वसत होता. एका माणसाची नोकरी व एका कंपनीचे यंत्र यांवर सर्व जगाचा संग्रह अवलंबून असणे धोक्याचे होते. म्हणून २००९ साली एक स्वतंत्र न्यास स्थापन करून कोशाचे सर्व हक्क त्याच्याकडे देण्यात आले, आणि २०१० च्या नोव्हेंबरात कोश नव्या जागी गेला. तेव्हापासून नव्या नोंदींची छाननी स्वयंसेवक संपादक करतात. त्यांची संख्या शंभरावर आहे. किती तरी खाजगी संग्रह त्यांच्या संग्राहकांबरोबरच नाहीसे होतात. या संग्रहाची ती गत होऊ नये याची तरतूद त्याच्या कर्त्याने आपल्या हयातीतच केली, हे त्याच्या गणिताइतकेच मोलाचे काम होय, असे आम्हांस वाटते.

नोंदीत काय असते

प्रत्येक क्रमिकेस एक कायमचा क्रमांक असतो. त्याखाली पदे, क्रमिकेचे वर्णन, तिच्याविषयीची टिपणे, सूत्रे, उदाहरणे, ती जेथे जेथे आली आहे त्या ग्रंथांचे व निबंधांचे संदर्भ, पुढील पदे काढण्यासाठी संगणकाच्या आज्ञावली, संबंधित क्रमिकांचे क्रमांक आणि नोंद देणाऱ्याचे नाव, असा मजकूर असतो. संक्षिप्त खुणाही असतात. एखादी क्रमिका दशमान पद्धतीवरच अवलंबून असेल तर तशी खूण, पदे काढणे कठीण असेल तर तशी खूण, आणि आणखी पदे हवी असतील तर तीही खूण. शोध घेताना साधारण सहा पदे द्यावीत. पहिले पद गाळले तरी चालते, किंबहुना गाळावेच. कारण कोणी मोजणी शून्यापासून सुरू करतो तर कोणी एकापासून, आणि त्यामुळे आरंभीच्या पदांत नेहमी मतभेद असतात.

संग्रहात गंभीर क्रमिकांच्या शेजारी विलक्षण क्रमिकाही आढळतात. २००४ साली एक लाखावी नोंद करण्याची वेळ आली, तेव्हा काँगोमधील इशांगो येथे सापडलेल्या सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हाडावर कोरलेल्या रेघांच्या संख्यांना तो मान देण्यात आला. कोणत्या संख्या या कोशात एकदाही आलेल्या नाहीत, याचाही काही जिज्ञासूंनी शोध घेतला. २००८ च्या ऑगस्टमध्ये अशी सर्वांत लहान संख्या ८,७९५ होती; २००९ च्या फेब्रुवारीपर्यंत तिला जागा मिळाली होती आणि तो मान ११,६३० कडे गेला होता.

कोश सत्य सांगतो, परंतु आपल्या प्रश्नाचे सत्य सांगत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. कोशातील क्रमिकेशी आपली पदे जुळली, एवढ्याने सिद्धता होत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण असे : वर्तुळाच्या परिघावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सर्वांशी रेषेने जोडावा, मात्र तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू देऊ नयेत. वर्तुळाचे किती भाग पडतील? एका बिंदूने एक, दोहोंनी दोन, तिहींनी चार, चोहोंनी आठ, पाचांनी सोळा. सहाव्या बिंदूस कोण बत्तीस म्हणणार नाही? पण भाग पडतात एकतीस, सातांस सत्तावन्न आणि आठांस नव्याण्णव. गंमत अशी, की दहा बिंदूंनी बरोबर २५६ भाग पडतात, आणि ही संख्या पुन्हा दोनाचा घात आहे. जणू सुटलेला नियम एकवार परत येऊन वाचकास चकवून जातो. ही क्रमिका कोशात ए-०००१२७ येथे आहे. शिक्षकांनी ती वर्गात अवश्य वापरावी. ‘रिकामी जागा भरा’ या प्रकारच्या प्रश्नांवर पोसलेल्या विद्यार्थ्यांना तिच्याइतके उत्तम औषध दुसरे नाही.

भारतीय क्रमिका

कोशातील सर्वांत अधिक ओळखीच्या क्रमिकांपैकी ए-००००४५ ही एक : १, १, २, ३, ५, ८, १३. प्रत्येक पद मागील दोन पदांची बेरीज. पाश्चात्त्य जगात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. परंतु छंदःशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या भारतीय पंडितांना ती त्यापूर्वी कित्येक शतके ठाऊक होती. लघु अक्षराची एक मात्रा व गुरू अक्षराच्या दोन, असे धरले तर दिलेल्या मात्रांचा चरण किती प्रकारांनी रचता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. चार मात्रांचे पाच प्रकार होतात : दोन गुरू, एक गुरू व दोन लघू यांच्या तीन मांडण्या, आणि चार लघू. विरहांकाने हा नियम सांगितला, आणि गुजरातेतील आचार्य हेमचंद्राने ११५० च्या सुमारास तो पुन्हा स्पष्ट केला. कोशातील नोंदीत या भारतीय पूर्वसूरींचा उल्लेख आढळतो. पाठ्यपुस्तकांत मात्र तो अजूनही क्वचितच असतो.

नारायण पंडिताने १३५६ साली रचलेल्या ‘गणितकौमुदी’त गाईंचा प्रश्न आहे. गाय दर वर्षी एक वासरू देते. वासरूही चौथ्या वर्षापासून दर वर्षी एक वासरू देऊ लागते. तर वीस वर्षांनी गाई किती? येथे प्रत्येक पद म्हणजे लगतचे मागील पद अधिक त्याच्याही दोन जागा मागचे पद : २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८ असे करीत विसाव्या वर्षी २,७४५ होतात. ए-०००९३० या नोंदीस ‘नारायणाच्या गाई’ हेच नाव आहे.

रामानुजनांच्या कार्याशी कोष्टकांचा किती निकट संबंध होता, हेही येथे आठवते. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने किती प्रकारांनी लिहिता येते, त्या प्रकारांस तिची विभाजने म्हणतात. चाराची विभाजने पाच, नवांची तीस, चौदांची १३५, एकोणिसांची ४९०. मॅकमेहन यांनी दोनशेपर्यंतच्या संख्यांची विभाजने हाताने मोजून कोष्टक केले होते. दोनशेची विभाजने ३९,७२,९९,९०,२९,३८८ आहेत. हार्डी व रामानुजन यांनी १९१८ साली दिलेल्या सूत्राची कसोटी याच संख्येवर लागली. आणि त्याच कोष्टकाकडे पाहताना रामानुजनांच्या नजरेस आले, की पाचाने भागून चार बाकी उरणाऱ्या प्रत्येक संख्येच्या विभाजनांस पाचाने पूर्ण भाग जातो. १९१९ साली त्यांनी ते सिद्ध करून प्रसिद्ध केले. कोष्टक दुसऱ्याचे होते. दृष्टी त्यांची होती. आज तेच कोष्टक, कित्येक पटींनी विस्तारलेले, ए-००००४१ या नोंदीत कोणासही पाहता येते.

परंतु या कोशाची खरी किंमत ज्याच्या कथेवरून कळते, तो भारतीय कोणी पंडित वा विद्यापीठीय गणिती नव्हता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्थेचा आधार नाही. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद, आणि त्या छंदातून जे सापडे ते ते बहुधा स्वतःच छापविलेल्या लहान पुस्तिकांतून प्रसिद्ध करीत.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. सर्व अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ पासून आरंभ केल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यानंतर क्रिया कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतात. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम. कापरेकर-संख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संख्याही कोशात ए-००६८८६ येथे आहेत : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज ४५, ७०३ चा वर्ग ४,९४,२०९, आणि ४९४ व २०९ यांची बेरीज ७०३. डोंबिवलीच्या स्थानकावर सुचलेल्या ज्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ हे नाव दिले, त्यांतील १, १२१, १२३२१ ही ओळही ए-००२४७७ या क्रमांकाने तेथे नांदते आहे.

अनेक गणिती या खेळांना क्षुल्लक मानीत. हे गुणधर्म दशमान लेखनाचे आहेत, संख्यांच्या स्वभावाचे नव्हेत, असा त्यांचा आक्षेप असे, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. पण त्या उपेक्षेची किंमत काय पडली ते पाहा. १९४९ साली कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हणता येतील अशा संख्यांचे वर्णन केले. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवावी. १५ मध्ये ६ मिळवले की २१ येतात, म्हणून १५ ही २१ ची जननी. ज्या संख्येस अशी जननीच नाही ती स्वयंभू. त्यांची ओळ १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८ अशी चालते. नऊपासून पुढे प्रत्येक वेळी अकरांची भर पडते आहे, तेव्हा पुढील पद ११९ असे वाचक म्हणेल. परंतु ते आहे ११०. पंचवीस वर्षांनंतर, १९७४ साली, एका अमेरिकन गणित-नियतकालिकात याच संख्यांची चर्चा ‘कोलंबियन संख्या’ या नावाने झाली. कारण कोलंबिया देशातील बर्नार्दो रेकामान यांनी त्या स्वतंत्रपणे शोधून प्रश्न म्हणून मांडल्या होत्या. रेकामान यांचा येथे काहीच दोष नाही. देवळालीत छापलेली पुस्तिका त्यांच्या हाती कशी पडावी? १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिला, तेव्हा कोठे हे नाव जगभर गेले. कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले.

आज कोणी १, ३, ५, ७, ९, २०, ३१ ही पदे शोधचौकटीत लिहिली, तर ए-००३०५२ ही नोंद समोर येते. तिच्या शीर्षकात स्वयंभू व कोलंबियन ही दोन्ही नावे आहेत, आणि संदर्भांत कापरेकर आहेत. कोण प्रथम, या वादापेक्षा मोठा लाभ निराळाच आहे. दूरच्या गावी एकट्याने बसून काम करणाऱ्यास, हे आधी झाले आहे किंवा झालेले नाही, हे काही क्षणांत कळते. झालेले असेल तर त्याचे श्रम वाचतात. झालेले नसेल तर त्यास नोंद पाठवता येते. त्यासाठी पदवी विचारली जात नाही. केवळ आपल्या नावाने सदस्य व्हावे लागते. संपादक पदे तपासतात, वर्णन नेमके करावयास लावतात, आणि निरर्थक क्रमिका नाकारतातही. रेकामान यांनी १९९१ साली स्लोन यांस पाठविलेली आणखी एक क्रमिका ए-००५१३२ येथे आहे. तिच्या पहिल्या पायरीत १, दुसरीत २, अशी संख्या शक्य असेल तर वजा करावयाची, अन्यथा मिळवावयाची. वजाबाकी ऋण येत असेल किंवा आधी आलेली असेल तर ती ‘शक्य नाही’ असे समजावयाचे : ०, १, ३, ६, २, ७, १३, २०, १२, २१. आज ना उद्या प्रत्येक संख्या तिच्यात येईल काय, हे कोणासच सिद्ध करता आलेले नाही. अवाढव्य संगणन होऊनही ८,५२,६५५ ही संख्या तिच्यात अद्याप भेटलेली नाही. प्राथमिक शाळेतील मुलास समजणारा आणि कोणत्याही प्राध्यापकास न सुटलेला असा हा प्रश्न आहे.

कोशाची भाषा इंग्रजी आहे, ही आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थ्यांची अडचण खरीच. परंतु शोध घ्यावयाचा तो अंकांनी. आणि वर्णनाची ओळ बहुधा इतकी आखूड असते, की शिक्षकाने एकदा समजावून दिली म्हणजे काम भागते. पृष्ठे साधी, चित्रांचा व जाहिरातींचा भार नसलेली असल्यामुळे साध्या भ्रमणध्वनीवरही ती उघडतात. सार्वजनिक ग्रंथालयांत जेथे संगणक आहे तेथे आणखी काही स्थळांची माहिती वाचकांस द्यावी : गणित्यांच्या चरित्रांसाठी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा ‘मॅकट्यूटर’ हा संग्रह, ज्यात कापरेकरांचेही चरित्र आहे, भूमितीच्या आकृत्या हलवून पाहण्यासाठी ऑस्ट्रियात २००१ साली सुरू झालेले ‘जिओजेब्रा’, आणि पुढे संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी १९९१ पासून चालू असलेले निबंधांचे भांडार ‘आर्काइव्ह’. हे सर्व विनामूल्य आहे. तरी आरंभ क्रमिकांच्या कोशापासून करावा, असे आम्ही सुचवू. कारण इतर स्थळी वाचक प्रथम वाचतो, येथे त्याला प्रथम काही मोजून आणावे लागते.

मोजून न संपणारे प्रश्नही त्यात पुष्कळ आहेत. १ पासूनच्या क्रमागत संख्या चौरसात अशा भरावयाच्या, की आडव्या, उभ्या व कर्णांवरील सर्व ओळींची बेरीज सारखी यावी. नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अशा चौरसांना ‘भद्रगणित’ हे एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, आणि चार ओळींच्या चौरसांपैकी ज्यांचे तुटक कर्णही तीच बेरीज देतात असे ३८४ असल्याचे सांगितले आहे. चौरस फिरवून वा उलटवून मिळणारे प्रकार वेगळे धरले नाहीत, तर तीन ओळींचा चौरस एकच होतो. चार ओळींचे ८८० आहेत. हे फ्रान्सच्या फ्रेनिकल यांनी सतराव्या शतकात दाखविले. पाच ओळींचे २७,५३,०५,२२४ आहेत. ते १९७३ साली रिचर्ड श्रोपेल यांनी संगणकाने मोजले. सहा ओळींच्या चौरसांची संख्या वीस अंकी भरते. ए-००६०५२ या नोंदीत सात ओळींच्या चौरसांपुढची जागा अद्याप मोकळी आहे.